चिमटीतून निसटणारी सुई: मोटर कॉर्टेक्सच्या चाचणीचं एक प्रकरण

एक गोष्ट आधीच सांगते. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीच्या फाइलमधून उचललेलं नाही. मोटर कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूतल्या हालचाल चालवणाऱ्या भागाच्या, चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा समोर येणारी लक्षणं, आकडे आणि चुका एकत्र करून ते शिकण्यासाठी रचलं आहे. चाचणीची पद्धत, तिच्या मर्यादा आणि संशोधनाचे उल्लेख मात्र खरे आहेत.

रुग्ण ५४ वर्षांची, शिवणकाम करणारी बाई. सुरुवात सुईत दोरा ओवण्यापासून झाली. नजर चुकते असं वाटून तिनं आधी चष्मा बदलला. मग बटण लावताना सुई चिमटीतून निसटायला लागली, कात्री जड वाटायला लागली, कुलपात किल्ली फिरवायला आपसूक डावा हात पुढे यायला लागला. दुखणं नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. आठ महिन्यांत उजव्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झाला होता आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात खळगा पडला होता. करंगळीकडची बाजू मात्र चांगली भरलेली. दंडावर मधूनच मांस लवायचं, डोळा लवतो तसं. ते तिनं पाहिलं होतं, पण दगदगीमुळे होत असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मानेच्या एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली, उजवीकडची नस निघायची वाटही जरा अरुंद होती. मज्जारज्जूवर दाब नव्हता. या वयाच्या कितीतरी लोकांच्या मानेत असंच चित्र दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकांचे हात ठणठणीत असतात. तरी हातात कमजोरी आणि मानेत चकती हे दोन्ही एकदम समोर आले की त्यांची सांगड घालायचा मोह सुटत नाही. शस्त्रक्रियेची बोलणी सुरू झाली होती. ती करण्याआधी एकदा मज्जातंतूंची नीट तपासणी करून घ्या, असं तिला सुचवलं गेलं आणि ती आमच्याकडे आली.

हाताचे दोन भाग

पहिली शंका हाताच्या आकारानंच आली. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू, म्हणजे एपीबी, अंगठा आणि तर्जनीमधला एफडीआय, आणि करंगळीच्या कडेचा एडीएम, या तिन्हींचा पुरवठा मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागातून, आठवी ग्रीवा आणि पहिली वक्षीय नस यांतून येतो. शिवाय एफडीआय आणि एडीएम हे दोघं एकाच अल्नार मज्जातंतूवर आहेत. मुळं तीच, तंतू तोच, आणि तरी एक स्नायू वाळलेला आणि दुसरा धडधाकट. मानेतली चकती असा भेदभाव कशी करील? त्यातून ही चकती दाबत असलीच तर सहाव्या नसेला दाबेल. हाताचे हे बारीक स्नायू तिच्या वाट्याला येतच नाहीत.

या चित्राला इंग्रजीत स्प्लिट हँड म्हणतात, दुभंगलेला हात. एनसीव्हीमध्ये, म्हणजे मज्जातंतूंतलं वहन मोजणाऱ्या तपासणीत, तिन्ही स्नायूंचे प्रतिसाद मोजले. उजवीकडे एपीबी ३.२ मिलिव्होल्ट, एफडीआय ५.१, एडीएम ८.४. पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्याला तिसऱ्यानं भागलं की स्प्लिट हँड इंडेक्स निघतो. तिचा १.९ आला. ५.२ किंवा त्याखालचा आकडा एएलएसकडे, म्हणजे हालचाल करवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतो, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. डाव्या हाताचा आकडा ९.९, म्हणजे निर्धोक.

संवेदनेच्या तंतूंचे प्रतिसाद उत्तम होते. हाताच्या तंतूंमध्ये कुठेही वहन अडत नव्हतं, म्हणून मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी हा तंतूंचा आजार मागे पडला. ती वगळणं फार महत्त्वाचं असतं, कारण दिसायला ती एएलएससारखी, पण इम्युनोग्लोब्युलिननं सुधारणारी. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या जीएम१ अँटिबॉडीही सापडल्या नाहीत. सुईच्या ईएमजीमध्ये, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज नोंदवणाऱ्या तपासणीत, उजव्या हातात, पुढच्या बाहूत आणि दंडात तंतू तुटत असल्याच्या खुणा होत्या. जीभ, पाठ आणि पाय स्वच्छ.

अडलेलं निदान

हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो. वरची चेतापेशी मेंदूच्या मोटर कॉर्टेक्समध्ये असते आणि तिचा लांब धागा मज्जारज्जूत उतरतो. तिथे खालची पेशी तो हुकूम घेते आणि स्नायूपर्यंत नेते. एएलएसमध्ये दोन्ही मरतात. खालची पेशी मेली की स्नायू वाळतो, लवतो, ढिला पडतो. वरची मेली की प्रतिक्षिप्त क्रिया जोरदार होतात, हातपाय ताठरतात.

खालच्या पेशींचा नाश ईएमजीत सरळ दिसतो. वरच्या पेशींचा अंदाज डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून, तळव्यावर रेघ ओढून बांधतात. इथेच घोळ होतो. खालच्या पेशीच नाहीशा झाल्या तर वरून आलेला अतिरेक दाखवणार कोण? स्नायूच वाळला की त्याच्या प्रतिक्षिप्त क्रियाही निवतात, आणि मेंदूतला बिघाड हाताच्या बिघाडाखाली झाकला जातो.

२०१९ मध्ये ठरलेले गोल्ड कोस्ट निकष एएलएस म्हणायला तीन गोष्टी मागतात. कमजोरी वाढत गेलेली हवी. शरीराच्या एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही पेशींच्या खुणा हव्यात, नाहीतर खालच्या पेशींच्या खुणा निदान दोन भागांत हव्यात. आणि दुसरे आजार वगळलेले हवेत. या बाईच्या बाबतीत खालच्या पेशींच्या खुणा एकाच भागात होत्या, मानेच्या, ज्यात हातही मोजतात. वरच्या पेशींची खूण एकही नव्हती. कमजोर, वाळलेल्या स्नायूत प्रतिक्षिप्त क्रिया टिकून असली तर तीही वरच्या पेशींची खूण धरतात. पण तिच्या दंडाची ताकद अजून पूर्ण होती, त्यामुळे तिथल्या क्रियेला तसा अर्थ देता येत नव्हता. कागदावर निदान बसत नव्हतं, आणि हात तर दर महिन्याला थोडा थोडा जात होता.

मोटर कॉर्टेक्सलाच थेट विचारायचं म्हणून टीएमएस, ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, करायचं ठरलं.

कवटीपलीकडची थाप

१९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी शुद्धीवरच्या माणसाच्या डोक्याच्या त्वचेवरून विजेचा झटका देऊन मोटर कॉर्टेक्स चेतवून दाखवला. जमलं, पण दुखायचं फार. पाच वर्षांनी शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरलं. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र उमटतं. ते कवटीतून विनासायास आत जातं आणि त्याच्या झपाट्यानं होणाऱ्या बदलामुळे मेंदूत प्रवाह निर्माण होतो. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं. रुग्णाला टक् असा आवाज येतो, डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, आणि वीसेक मिलिसेकंदांत अंगठा उडतो. स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून जो प्रतिसाद नोंदला जातो त्याला एमईपी म्हणतात.

एका थापेतून दोन गोष्टी कळतात. संदेश मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत किती वेळात पोचतो, आणि कॉर्टेक्सला जागं करायला किती जोर लागतो, म्हणजे त्याचा उंबरठा किती. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये किंवा मज्जारज्जू दबला असताना पहिली गोष्ट फार उपयोगी पडते, कारण वेळ लांबतो. सुरुवातीच्या एएलएसमध्ये मात्र तो बहुधा ठीकच निघतो.

इथे खरी कामाची ठरते ती दुहेरी थाप. १९९३ मध्ये कुजिराई आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. आधी एक हलकी थाप द्यायची, उंबरठ्याच्या खालची, एकटी असती तर काहीच न घडवणारी. त्यानंतर काही मिलिसेकंदांत दुसरी, जोरदार. पहिली थाप मोठ्या पेशींना हलवत नाही, पण कॉर्टेक्समधल्या आवर घालणाऱ्या छोट्या पेशींना जागं करते. त्या गाबा नावाचं रसायन सोडतात आणि दुसऱ्या थापेचा प्रतिसाद दबतो. निरोगी माणसात हा दबाव स्पष्ट असतो. याचं नाव शॉर्ट इंटरव्हल इंट्राकॉर्टिकल इनहिबिशन, एसआयसीआय. मी रुग्णांना सांगताना लगाम म्हणते. हालचाल करवणाऱ्या पेशींच्या तोंडातला लगाम शाबूत आहे की सुटलाय, ते यातून कळतं.

एमईपीचा आकार दर थापेला बराच बदलतो. एक मोठा, पुढचा निम्मा, त्यापुढचा पुन्हा मोठा. म्हणून आकार मोजण्याऐवजी तो धरून ठेवायचा आणि त्यासाठी यंत्राचा जोर किती वाढवावा लागतो ते मोजायचं, अशी उलटी पद्धत निघाली, थ्रेशोल्ड ट्रॅकिंग. लंडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये ती दाखवली आणि सिडनीच्या गटानं ती एएलएसच्या अभ्यासात आणली. प्रतिसाद ०.२ मिलिव्होल्टवर स्थिर ठेवायचा. समजा एकट्या थापेला यंत्राची ५० टक्के ताकद लागते आणि आधी हलकी थाप दिल्यावर ५७ टक्के लागते, तर लगाम १४ टक्क्यांचा. दोन थापांमधलं अंतर १ पासून ७ मिलिसेकंदांपर्यंत बदलत नेतात आणि सगळ्यांची सरासरी काढतात.

पहिला दिवस

डोक्यात धातू नाही, पेसमेकर नाही, कानात इम्प्लांट नाही, कधी फिट आलेली नाही, ही विचारपूस झाली. कानांत बोळे घातले. तिला टेकून बसवलं आणि उजवा हात उशीवर ठेवला.

"ताई, हात अगदी सैल सोडा. झोपलेल्या माणसाचा असतो तसा."

ही सूचना उगाच नसते. स्नायू थोडा जरी आवळला तरी एसआयसीआय घटतो, आणि आजार नसतानाही लगाम सैल भासतो. म्हणून स्नायूचा आवाज स्पीकरवर लावून ठेवतो. ज्यांचा हात कमजोर झालाय ते तो सांभाळायच्या नादात नकळत ताठ धरतात. तिला सैल पडायला दहा मिनिटं लागली. मग स्पीकर शांत झाला आणि मधूनच एखादा एकटा टप ऐकू येऊ लागला, स्नायू स्वतःहून लवतोय त्याचा.

नोंद एपीबीवरून घेतली. स्नायू फारच वाळलेला असला तर ०.२ मिलिव्होल्टसुद्धा मिळत नाही आणि चाचणी तिथेच थांबते. तिच्याकडे ३.२ शिल्लक होते, पुरेसे. उंबरठा ५२ टक्के. मध्यवर्ती वहनकाळ ५.८ मिलिसेकंद, ठीक. सरासरी एसआयसीआय उजवीकडे ८.४ टक्के, डावीकडे ११.

एएलएस ओळखायला ५.५ टक्क्यांची रेषा वापरतात. आकडा त्याखाली गेला तर कॉर्टेक्स अतिउत्तेजित आहे असं मानतात. तिचे दोन्ही आकडे रेषेच्या वर होते. मी अहवालात लिहायला सुरुवात केली, 'कॉर्टेक्सच्या अतिउत्तेजनाचा पुरावा नाही'.

ती चपला घालत होती. दारातून वळून म्हणाली, "आज रात्री ती गोळी घेऊ ना? तपासणीमुळे काही अडचण नाही ना?"

"कसली गोळी?"

"झोपेची. पायात गोळे येतात ना रात्री, म्हणून दिलीये. रोज नाही घेत. काल घेतली होती."

क्लोनाझेपाम, ०.५ मिलिग्रॅम. आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता आणि तिनं त्यात 'नाहीत' लिहिलं होतं. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आजाराचं औषध ती घेत नव्हती, झोपेची गोळी घेत होती, तीही आठवड्यातून दोनतीनदा. चूक तिची नव्हती, आमच्या रकान्याची होती. आणि रकान्यावर विसंबून तोंडी न विचारणाऱ्या माझी होती.

गोळीनं काय केलं

क्लोनाझेपाम ज्या गटातलं औषध आहे तो बेंझोडायझेपिनचा गट गाबाचा संदेश घेणाऱ्या गाबा-ए ग्राहकांचं (रिसेप्टरचं) काम वाढवतो. एसआयसीआय ज्यावर उभा आहे तेच हे ग्राहक. या गटातल्या औषधांचा एक डोस घेतलेल्या निरोगी लोकांमध्ये एसआयसीआय वाढतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. उलट कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन अशी सोडियमचे मार्ग अडवणारी औषधं उंबरठा वाढवतात, एसआयसीआयला मात्र फारसा हात लावत नाहीत. टीएमएसच्या आकड्यांतून मेंदूतलं रसायन वाचता येतं, असं आपण म्हणतो ते याच प्रयोगांच्या बळावर. पण तेच ज्ञान उलटं फिरवून स्वतःच्या चाचणीला लावायचं राहून जातं.

क्लोनाझेपामचा अर्धायुष्यकाळ साधारण ३० ते ४० तासांचा. काल रात्रीची गोळी आज दुपारी अंगात बरीचशी शिल्लक होती. तेव्हा ८.४ या आकड्याचे दोन अर्थ निघत होते. लगाम खरोखर शाबूत असेल, किंवा सुटलेला लगाम गोळीनं वरून आवळला असेल. आकडा एकच, अर्थ परस्परविरोधी. असा आकडा अहवालात घालणं म्हणजे रुग्णाला चुकीच्या वाटेनं, इथे तर सरळ मानेच्या शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे, ढकलणं होतं.

अहवाल रोखला. तिच्या डॉक्टरांशी बोलले. गोळी रोजची नव्हती, डोस लहान होता, म्हणून ती थांबवायला त्यांची हरकत नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशी गोळी रोज आणि बरेच दिवस घेणाऱ्यानं ती स्वतःच्या मनानं एकदम बंद केली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. चाचणीसाठी कुणीही परस्पर औषध सोडू नये. तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली.

दुसरा दिवस

यंत्र तेच, कॉइल तीच, वेळही दुपारचीच. आधीच्या रात्री पुरेशी झोप झाली का, तेही विचारलं, कारण झोपेच्या कमतरतेनंही कॉर्टेक्सची उत्तेजना बदलते. गोळी तीन आठवड्यांत एकदाही घेतलेली नव्हती. हात सैल.

उंबरठा ४९. सरासरी एसआयसीआय उजवीकडे उणे १.२ टक्के. उणे म्हणजे हलकी थाप आवर तर घालत नव्हतीच, उलट थोडी मदतच करत होती. तीन मिलिसेकंदांच्या अंतराला, जिथे निरोगी माणसात सगळ्यात मोठा दबाव दिसतो तिथे, रेघ सपाट. एमईपी स्नायूच्या कमाल प्रतिसादाच्या ३८ टक्के, मोठा.

मला थांबायला लावलं ते डाव्या हातानं. त्या हातात कमजोरी नव्हती, स्नायू भरलेले, एनसीव्ही उत्तम. एसआयसीआय २.९ टक्के, रेषेच्या खाली. ज्या हातानं ती आता सुई धरायला शिकत होती, त्या हाताच्या कॉर्टेक्समधलाही लगाम सुटत चालला होता.

एवढ्यावरून काय म्हणता येतं

एक आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. हात वाळल्यामुळेच कॉर्टेक्स बदलला नसेल कशावरून? कमजोर स्नायूला हलवण्यासाठी मेंदूनं आपणहून लगाम सैल केला असेल. याचं उत्तर केनेडीच्या आजारात सापडतं. त्यातही खालच्या पेशी मरतात, स्नायू वाळतात, लवतात, कित्येकदा या बाईपेक्षा जास्त. पण थ्रेशोल्ड ट्रॅकिंगमध्ये त्या रुग्णांचा एसआयसीआय निरोगी लोकांसारखाच निघतो. स्नायू वाळणं एवढंच लगाम सुटायला पुरत नाही. शिवाय एएलएस घडवू शकणाऱ्या एसओडी१ जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या लोकांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जे पुढे आजारी पडले त्यांच्यात एसआयसीआय लक्षणांच्या आधीच नाहीसा होताना दिसला होता. या बाईच्या डाव्या हातातही मेंदूतला बदल आधी दिसत होता आणि स्नायूतला अजून यायचा होता.

आजार वरून खाली उतरतो की खालून वर चढतो, हा वाद जुना आहे. आयझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वरून खाली उतरण्याचा विचार ठामपणे मांडला: कॉर्टेक्समधल्या पेशी अतिउत्तेजित होऊन ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाच्या माऱ्यानं खालच्या पेशींना मारतात. दुभंगलेल्या हाताचंही स्पष्टीकरण त्यात बसतं. चिमूट ही माणसाच्या हाताची सगळ्यात नाजूक करामत, आणि एपीबी-एफडीआयला कॉर्टेक्सकडून येणारा थेट पुरवठा करंगळीच्या स्नायूपेक्षा दाट. पुरवठा जिथे दाट तिथे माराही जास्त. मला हे स्पष्टीकरण पटतं, पण वाद मिटलेला नाही. काही रुग्णांत सुरुवात खालूनच झाल्यासारखी दिसते.

चाचणीबद्दल मात्र नेमकं बोलायला हवं. थ्रेशोल्ड ट्रॅकिंगवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात संवेदनशीलता सुमारे ७३ टक्के आणि विशिष्टता सुमारे ८१ टक्के आली. म्हणजे एएलएस असलेल्या शंभरातल्या सत्तावीस जणांना ती ओळखत नाही, आणि एएलएससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या शंभरातल्या एकोणीस जणांवर उगाच बोट ठेवते. पार्किन्सनमध्ये आणि डिस्टोनियातही एसआयसीआय घटतो. लगाम सुटला एवढं कळतं, कुणी सोडला ते कळत नाही. केवळ हात गळतोय अशी भीती बाळगून आलेल्या, तपासणीत काहीच न सापडलेल्या माणसात हाच उणे १.२ आकडा आला असता तर मी त्याला फार वजन दिलं नसतं. इथे त्याच्याआधी दुभंगलेला हात होता, हातापासून दंडापर्यंतचं ईएमजी होतं, वगळलेल्या न्यूरोपथी होत्या. त्या ढिगावर या आकड्याचं वजन पडलं.

अहवालात लिहिलं: दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्समध्ये अतिउत्तेजनाच्या खुणा, क्लिनिकल चित्र लक्षात घेता वरच्या चालक पेशींच्या विकाराला पूरक, निदानाचे निकष अद्याप पूर्ण नाहीत, मानेतला बदल या कमजोरीचं कारण वाटत नाही. पहिल्या चाचणीचे आकडेही जोडले, गोळीच्या नोंदीसह. ते वगळले असते तर अहवाल देखणा दिसला असता.

पुढे

शस्त्रक्रिया रद्द झाली. या प्रकरणात चाचणीनं लगेच पदरात टाकलं ते एवढंच, आणि माझ्या मते ते थोडं नाही. अशा आजारात मानेच्या शस्त्रक्रियेत महिने जातात, आणि उभारीच्या आशेनं वाट पाहण्यात आणखी काही.

निदानाचं नाव तिला तिच्या न्यूरोलॉजिस्टनं सांगितलं, दोनदा, घरच्यांना बरोबर बसवून. पहिल्या वेळी 'दाट शंका' म्हणून. पाच महिन्यांनी उजव्या पायाच्या नडगीवरचा स्नायू लवायला लागला, ईएमजीत तिथेही तंतू तुटत असल्याच्या खुणा आल्या आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जोरदार झाली. तेव्हा निकष पूर्ण झाले. रिलुझोल सुरू झालं. ते ग्लुटामेटचा मारा कमी करतं, आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. एसआयसीआयही त्यानं काही आठवडे अंशतः सावरतो, मग परिणाम ओसरतो. म्हणून पहिली चाचणी शक्यतो रिलुझोल सुरू होण्याआधी करावी. श्वासाची मोजणी दर तीन महिन्यांनी सुरू झाली. आवाज अजून खणखणीत होता तोवरच तिनं तो रेकॉर्ड करून ठेवायला घेतला, पुढे यंत्राला तिच्या आवाजात बोलता यावं म्हणून.

दुसऱ्या चाचणीनंतर तिनं मला विचारलं होतं, "हेच यंत्र रोज लावलं तर लगाम पुन्हा बसणार नाही का?"

प्रश्न शहाणा होता. पुन्हा पुन्हा थापा देऊन कॉर्टेक्स शांत करायचे प्रयोग एएलएसमध्ये झाले आहेत. संख्येनं लहान, आणि उपयोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळालेला नाही. मी तसंच सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न डाव्या हाताच्या व्यायामाचा विचारला.

फॉर्मवरचा रकाना आम्ही बदलला. आता 'चालू औषधे' असं विचारत नाही. झोप, गोळे, पाठदुखी, काळजी, खोकला, फिट यांसाठी गेल्या महिन्याभरात एखादी गोळी घेतली का, असं एकेक नाव घेऊन तोंडी विचारतो आणि उत्तर आम्ही स्वतः लिहितो. पहिल्याच महिन्यात तीन चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

अकरा महिन्यांनी ती पुन्हा आली. उजव्या हातावर यंत्र शंभर टक्के ताकदीला नेलं तरी पडद्यावर रेघ सपाटच राहिली. स्नायू उरला नव्हता की कॉर्टेक्स उत्तर देत नव्हता, हे त्या टप्प्यावर वेगळं करता येत नाही. मग इलेक्ट्रोड डाव्या हातावर लावले. त्या अंगठ्याच्या बुडाशी आता हलका खळगा दिसत होता. उंबरठा ६१, एसआयसीआय उणे ३. ती पडद्याकडे पाहत होती. हात मात्र, मी न सांगताच, तिनं अगदी सैल सोडला होता.